नुकसान लिहिणारे काका

माझ्या मावशीच्या यजमानांइतकं सुंदर नुकसान अख्ख्या सिंधुदुर्गात दुसरं कोणी लिहीत नाही. मच्छीमार सोसायटीत त्यांनी जन्मभर कारकुनी केली. आता निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली, पण देवबागात कुणाची होडी खडकाला घासली की मालक आधी काकांकडे येतो आणि मग होडी बघायला जातो. विम्याचा फॉर्म काका भरत नाहीत, रचतात. फळीला वीतभर चीर गेलेली असली तर ते लिहिणार, ‘सदर नौकेच्या डाव्या अंगास सागराने असा प्रहार केला की मालकाचे कुटुंब त्या दिवशी जेवले नाही.’ यात खोटं काहीच नसतं. कुटुंब जेवलं नव्हतं हे खरंच, कारण त्या दिवशी एकादशी होती.

घरातही तीच तऱ्हा. मावशीच्या हातून लोणच्याची बरणी फुटली तर काका पहिल्यांदा विचारतात, “टायम काय झालो?” आणि मग तुकड्यांना कुणाला हात लावू देत नाहीत, कारण विम्याच्या सर्व्हेअरने पाहण्याआधी जागेवरची वस्तू हलवायची नसते. “सर्व्हेअर येतलो खंयसून, तुमच्या कपाळातून?” असं म्हणत मावशी केरसुणी घेऊन येते. मी मालवणच्या शाळेत शिकवते, रविवारी त्यांच्याकडे जाते. एकदा मला तिथे ताप चढला, तर काकांनी कपाळावर हात ठेवण्याआधी कागद घेतला आणि म्हणाले, “अंगदुखी येगळी सांग गो. तापात धरू नको, भरपाई बुडता तिची.”

अशा माणसाच्या घरात विम्याचं काम निघालं तेव्हा सगळे निर्धास्त होते. काम होतं नातीचं. ती सात वर्षांची, स्वमग्न आहे. डॉक्टर ऑटिझम म्हणतात. बोलणं फार थोडं. तिची आई, म्हणजे मावशीची सून, तिला आठवड्यातून दोनदा कणकवलीला स्पीच थेरपीला नेते, जाता-येता एसटी बदलत. वर्षभर हे केल्यावर तहान लागली की ती आईचा पदर ओढायच्या ऐवजी ‘पाणी’ म्हणायला लागली, त्या दिवशी मावशीने आळीभर पेढे वाटले होते. पण हा खर्च झेपेना, आणि आता महिन्यातून एकदाच न्यावं असं घरात चाललं होतं. इतक्यात तिच्या बाबाच्या मुंबईच्या नोकरीतल्या पॉलिसीत ही थेरपी बसायला लागली. डॉक्टरांचा दाखला हवा, आणि सोबत घरच्यांचं निवेदन. निवेदन म्हटल्यावर काकांशिवाय कोण लिहिणार?

काकांनी दोन दिवस दार लावून लिहिलं. कुणाला वाचायला दिलं नाही. पंधरा दिवसांत कंपनीचं उत्तर आलं, की आपले निवेदन पाहता मुलीस उपचारांची गरज दिसून येत नाही, सबब दावा नामंजूर.

मावशीने माझ्या हातात निवेदनाची प्रत ठेवली. मी वाचत गेले. ‘सदर मुलगी नुसत्या इंजिनाच्या आवाजावरून अठरा होड्या ओळखते. टोपलीतले बांगडे लहानापासून मोठ्यापर्यंत लावते, क्रम चुकत नाही. आजतागायत कोणाची चहाडी केलेली नाही. कमी बोलते, व हा गुण आमच्या घराण्यात प्रथमच आला आहे.’ असं तीन पानं. जन्मभर ओरखड्यांचे प्रलय करणाऱ्या माणसाने नातीचा एक ओरखडासुद्धा लिहिला नव्हता.

“काका, तिका जमणा नाय ता खंय आसा ह्याच्यात?” मी विचारलं.

काकांनी चष्मा काढला. “मी नुकसान लिवतंय होडयेचा,” ते म्हणाले. “हिचा काय मोडला, सांग माका.”

मी ती तीन पानं घडी करून मावशीच्या हातात परत दिली.

पण फेरअर्जाला महिनाभराचीच मुदत होती. शेवटी मी लिहायला बसले. मावशी आणि सून सांगत होत्या आणि मी साध्या शब्दांत मांडत होते. मिक्सर लागला की ती भिंतीवर डोकं आपटते. कुठे दुखतं ते तिला सांगता येत नाही. नजर चुकली की सरळ पाण्याकडे धावते, दोनदा छातीभर पाण्यात जाऊन पोचली होती. काका पडवीत पाठ करून बसले होते. तिथूनच म्हणाले, “दोनदा न्हय, तीनदा. एकदाचा मी कोणाक सांगलंय नाय.”

सून माझ्या लिहिणाऱ्या हाताकडे बघत राहिली. मी दोनावर काट मारून तीन केले.

सहीला कागद नेला तेव्हा काकांनी तो वाचला नाही. साधं विजेचं बिल तीनदा वाचणारा हा माणूस, तळाशी सही करून मोकळा झाला.

दावा मंजूर झाला. कणकवलीच्या खेपा दोनच्या दोन राहिल्या, आणि मंजुरीच्या पत्राला काकांनी पानभर आभाराचं उत्तर पाठवलं, ज्यात कंपनीच्या अधिकाऱ्यांना सहकुटुंब माशांच्या जेवणाला बोलावलेलं आहे. अजून कुणी आलेलं नाही. मावशी मात्र दर रविवारी दोन सुरमया जास्त घ्यायच्या का, असं काकांना मुद्दाम विचारते.

मंजुरीचं पत्र आलं त्या रविवारी मी निघाले तेव्हा काका एसटीपर्यंत सोडायला आले. गाडी दिसल्यावर त्यांनी खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. माझ्या अर्जाची घरातली प्रत होती.

“हो कागद तुझ्याकडे ठेव गो,” ते म्हणाले. “तिका वाचूक येवक लागला की तिच्या हाताक लागाक नको.”

तिला अजून एक अक्षर ओळखता येत नाही. मी ‘बरं’ म्हटलं, आणि मालवणला येऊन तो कागद कुलपात ठेवला.