साठताईंचा चौथा पेपर

साठताई कुठल्याही गोष्टीला बरी किंवा वाईट म्हणत नसत. त्या मार्क द्यायच्या. पहिला घास मोडला की क्षणभर थांबायच्या, डोळे बारीक करायच्या आणि निकाल सांगायच्या. "आमटी अठ्ठावन्न." "भाकरी साठ." एकदा पिठलं खाली लागलं, तेव्हा "एकोणचाळीस, अक्का. एका मार्कानं गेलं की गं," असं इतक्या हळहळीनं म्हणाल्या, की पिठल्याचं आता लग्न जमायचं नाही असं वाटावं. आज मी मस्कतला दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात उभी असते, पोळी तव्यावरून उतरवते, आणि कानाशी आकडा येतो. बहुतेक वेळा पन्नाशीच्या आतला. मागं वळून बघायची सवय अजून गेलेली नाही.

कोल्हापुरात राजारामपुरीत मुलींचं एक वसतिगृह होतं. तिथं मी सहा वर्षं स्वयंपाक केला. माझं गाव राधानगरीच्या वर. शाळा सातवीत सुटली, पुढचं सगळं शिक्षण चुलीपुढं. मी जेमतेम तिशीची होते, पण मुली मला मावशी म्हणायच्या. अक्का म्हणणाऱ्या एकट्या साठताई. त्या माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान, पण तिथल्या मुलींत सगळ्यात मोठ्या. मागून आलेल्या मुली सीए होऊन गेल्या, काही लग्न होऊन गेल्या. साठताई वरच्या कोपऱ्यातल्या खोलीत तशाच. दारावर त्यांचं खरं नाव रंगवलेलं होतं, पण ते फक्त पोस्टमन वाचायचा.

त्यांच्या तोंडी सदा साठचा आकडा, त्यावरूनच हे नाव पडलेलं. साठच का, हे मी एकदा विचारलं. त्या ओट्याला टेकून शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, "सीएच्या शेवटच्या परीक्षेचं दोन गट असत्यात. एक माझा सुटलाय. दुसऱ्यात चार पेपर. प्रत्येकात निदान चाळीस पायजेत, आणि चौघांची बेरीज दोनशे. एकात जरी गेलीस तरी अख्खा गट परत."

"म्हंजे चांगले गेलेलेबी फुकट?"

"तिथंच साठ येतं. गट गेला, पण एखाद्यात साठ पडलं, तर त्या पेपराला सूट. पुढच्या तीन परीक्षांना तो द्यायचा न्हाई. मार्क धरून ठेवत्यात."

माझ्या चेहऱ्यावर काही उमटलं नसावं. त्यांनी शेंगा बाजूला ठेवल्या आणि ओट्यावर चार पातेली ओळीनं मांडली. "हा भात, ही आमटी, ही भाजी, ही खीर. पाहुण्यानं चारही चांगलं म्हणायला पायजे. भाजी करपली, पावणं उठून गेलं. पण भात साठचा झालाय, तर पुढच्या तीन पंगतींना भात करायचा न्हाई. झाकून ठेवलेला चालतोय. उरलेल्यावर लक्ष दे." मग पातेल्यावर झाकण ठेवून म्हणाल्या, "कळलं?"

मला कळलं. इतकं छान कळलं की मी नंतर ते नव्या मुलींना समजावून सांगायची. चांगलं झालेलं झाकून ठेवायचं, राहिलेलं पुढच्या वेळी करायचं. त्यात एक गोष्ट सांगायची राहून गेली होती. त्यांना ती इतकी उघड होती की सांगावीशी वाटली नसेल, आणि मला ती विचारायची अक्कल नव्हती.

सूट मिळाली तरी तिला मुदत असते, हेही मला त्यांच्याकडूनच कळलं. एका पेपरात त्यांना बासष्ट होते. ते धरून त्या दोनदा बसल्या, दोनदा दुसऱ्या कुठल्यातरी पेपरानं पाय ओढला. तिसऱ्यांदाही तेच झालं, त्या दिवशी त्या जेवायला खाली आल्या नाहीत. मी ताट घेऊन वर गेले तर खाटेवर मांडी घालून बसलेल्या. "माझं बासष्ट वारलं आज, अक्का," म्हणाल्या. "सुतक हाय. गोड नको." मी हसले, त्याही हसल्या. मग भिंतीकडं तोंड करून म्हणाल्या, "दीड वर्ष सांभाळलं हुतं गं." त्या आवाजात थट्टा नव्हती.

माझ्या बाजाराच्या याद्या त्या तपासायच्या. मला लाज वाटायची म्हणून मी कागद पदराआड धरायची, त्या तो ओढून घ्यायच्या आणि लाल पेन चालवायच्या. "कोथिंबिरीत 'बी'ची वेलांटी दुसरी. हळदीला काना कशाला? बेचाळीस. पास केलंय, पण लाजंनं." वर्षभर माझी यादी चाळीस-पन्नासातच घुटमळत होती. मग एका सोमवारी त्यांनी कागद दोनदा वाचला, खाली साठ लिहून गोल केला आणि म्हणाल्या, "जा. तीन आठवडे तुझी यादी बघणार न्हाई. सूट." सातवीनंतर मला पहिल्यांदा कुणी पास केलं होतं. तो कागद मी मसाल्याच्या डब्याखाली ठेवला. त्यानंतर त्यांनी मसाल्याच्या पुड्यांवरची इंग्रजी अक्षरं वाचायला लावली, पुढं अर्ज भरायला शिकवलं. माझा पासपोर्टचा अर्ज मी माझ्या हातानं भरला तो त्यांच्यामुळं. आज माझ्या घरी पत्र्याच्या जागी स्लॅब आहे, तोही त्यांच्यामुळं, असं मी म्हणते. मी हे फार वेळा म्हणते. कशासाठी म्हणते ते पुढं कळेल.

दर पंधरा दिवसांनी त्यांचे वडील यायचे. बिद्रीकडचे, घरी चार म्हशी, बोलणं तोफेसारखं. दुधाची किटली माझ्यापुढं ठेवून जिन्याखालूनच हाक मारायचे, "साठ साठ करतीयास, तुझी साठी यायची वाट बघतीयास काय गं?" वरून साठताई ओरडायच्या, "आबा, तुमी शंभर जगतासा, तवर हुतंय की." सगळं वसतिगृह हसायचं. पण त्या मार्चमध्ये ते आले तेव्हा हाक मारली नाही. स्वयंपाकघराच्या पायरीवर बसले आणि मुलगी खाली आल्यावर हळू बोलले. "औंदाचं शेवटचं. झालं तर झालं, न्हाईतर सामान बांधायचं. मला आता हुत न्हाई." साठताई नुसतं "बरं" म्हणाल्या. आबांना हळू बोलताना मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

मेमध्ये परीक्षा आली. एक दिवसाआड पेपर, दुपारी दोनला. त्या पहिला पेपर देऊन आल्या, चप्पल न काढता स्वयंपाकघरात शिरल्या आणि स्वतःलाच मार्क दिले. "चौसष्ट." दुसऱ्या पेपराला, "एकसष्ट. मरत मरत." तिसऱ्याला माझा हात धरला, त्यांचा तळवा भाजत होता. "सत्तर हाईत, अक्का. कमी न्हाईत. आता चौथ्यात चाळीस पडलं की झालं." त्यांचा अंदाज दोन-तीन मार्कांच्या वर चुकल्याचं मला आठवत नाही. तळवा भाजत होता तो आनंदानं असेल असं मला वाटलं. तो ताप होता.

चौथ्या पेपराच्या दिवशी सकाळी डॉक्टरांच्या गोळ्या घेऊन त्या परत झोपल्या. बाकीच्या मुली कुणी गावाला, कुणी क्लासला. "जरा पडते," मला म्हणाल्या. "साडेअकराला गजर लावते." शेवटचे शब्द उशीतच गेले. मी अकरा वाजून गेल्यावर पेज घेऊन वर गेले. ओठ सुकलेले, केस कपाळाला चिकटलेले. पाण्याची पट्टी ठेवली तरी जाग नाही. मी शेजारी बसले. आणि उशीजवळ गजर वाजला.

मी त्या वेळी काय विचार केला ते मला अगदी स्वच्छ आठवतं. माझी शुद्ध हरपली नव्हती, घाबरलेही नव्हते. मी हिशोब केला. भात साठचा, आमटी साठची, भाजी सत्तरची. तीन पातेली झाकून ठेवलेली. खीर तेवढी पुढच्या पंगतीला. सहा महिन्यांनी एकच पेपर, तोही धडधाकट अंगानं. मरायला टेकलेल्या बाईला एका खिरीसाठी कशाला उठवायचं? मला माझ्या शहाणपणाचं कौतुक वाटलं. मी बोट ठेवलं, गजर थांबला. पडदा ओढला, की डोळ्यांवर ऊन नको.

त्या सव्वातीनला उठल्या. मी खाली होते. जिन्यावर पावलांचा आवाज आला, बघते तर हातात हॉलतिकीट, एका पायात चप्पल. मधल्या पायरीवर त्या एकदम थांबल्या आणि तिथंच खाली बसल्या. "गजर वाजला न्हाई का गं, अक्का?"

त्यांचा चेहरा बघितला आणि माझ्या तोंडातून निघालं, "मला ठाव न्हाई ताई. मी खालीच हुते."

मी पाणी नेलं. म्हटलं, "एकच ऱ्हायला की. तिन्हीत साठ हाईत. पुढच्या येळी एकच द्यायचा."

त्यांनी माझ्याकडं बराच वेळ बघितलं. मग माझ्या हातातला तांब्या घेऊन म्हणाल्या, "व्हय अक्का. तीन हाईत." आणि पाणी प्यायल्या. माझं समाधान व्हावं म्हणून त्या तसं म्हणाल्या, हे कळायला मला दोन महिने लागले.

निकाल जुलैत लागला. पल्लवी म्हणून एक धाकटी मुलगी होती, ती फोन घेऊन स्वयंपाकघरात आली आणि डोळे पुसायला लागली. चौसष्ट, एकसष्ट, बाहत्तर. मी म्हटलं, "मग रडतीस कशाला? तिन्हीला सूट की."

"कसली सूट, मावशी? गटातल्या सगळ्या पेपरांना हजर असलं तरच सूट मिळते. चौथ्याला ताई गैरहजर. तिन्ही गेले." मग म्हणाली, "नुसतं जाऊन बसल्या असत्या तरी चाललं असतं. कोरा पेपर दिला असता तरी."

दूध उतू गेलं. मी ते बघत होते, पण हात हलला नाही. चारही पातेली चुलीवर चढली पाहिजेत. रिकामं का होईना, चौथं चढलं पाहिजे. एवढंच सांगायचं राहिलं होतं. आणि त्यांना ते जिन्यावरच ठाऊक होतं.

दोन दिवसांनी आबा टेम्पो घेऊन आले. ट्रंक, गादी, पुस्तकांची पाच खोकी. मुली जिन्यावर जमल्या होत्या, कुणीतरी विचारलंच, झालं तरी काय म्हणून. साठताई दोरी बांधता बांधता म्हणाल्या, "गजर लावायचं ध्यान ऱ्हायलं न्हाई. तापात लावला असं वाटलं, लावलाच नव्हता. माझंच चुकलं." मी चार हातांवर उभी होते. जीभ टाळूला चिकटली म्हणतात, ते खोटं आहे. जीभ मोकळी होती. मी तिला उठवलं नाही.

निघताना आबा माझ्यापुढं आले आणि हात जोडले. "पोरगीला ताप हुता तवा तुमी जवळ हुतासा. लई उपकार झालं बघा." साठताईंनी मला मिठी मारली, म्हणाल्या, "यादी लिहीत जा." टेम्पो वळणाआड गेला. मी आत येऊन कणीक भिजवली, कारण सहा वाजले होते.

मी त्यानंतर वर्षभरानं मस्कतला आले. इथं एका म्हाताऱ्या बाईंचं बघते. त्यांच्या सुनेच्या फोनला तोच गजर आहे. तो वाजला की कुणी बंद करायच्या आत मी घरातल्या कुठल्याही कोपऱ्यातून ओरडते, "उठा." बाई मला वेडी समजतात. समजू देत.

चार महिन्यांपूर्वी पल्लवीकडून नंबर मिळाला. तीन दिवस तो बघत बसले, चौथ्या दिवशी लावला.

"अक्का? कुठनं बोलालीस गं? आवाज विहिरीतनं आल्यागत येतोय." तोच आवाज. गावातल्या दूधसंस्थेत काम करते म्हणाल्या, कॉमर्सच्या पोरींना शिकवते. फॉर्म परत भरला नाही. आबा बरे आहेत, आता हळूच बोलतात. मी हो हो करत होते. मग त्या स्वतःहून हसत म्हणाल्या, "तुला सांगू का, मला आता खोडच लागलीया. झोपायच्या आधी तीनदा फोन बघते. गजर लावलाय का न्हाई, लावलाय का न्हाई. आई म्हणती, भूत बसलंय मानंवर."

मी म्हटलं, "ताई, तुम्ही गजर लावला हुता."

"काय?"

"त्या दिवशी. साडेअकराला वाजला. मी पेज घेऊन आले हुते. मी बंद केला. मला वाटलं तीन झाकून ठेवलेत, एक ऱ्हायला तर काय हुतंय."

तिकडं कुणीतरी म्हशीला हाकलत होतं, ते ऐकू आलं. बादली ठेवल्याचा आवाज आला. मी फोन कानाला इतका दाबून धरला होता की कान दुखायला लागला.

"मी लावला हुता," त्या म्हणाल्या.

"व्हय ताई. लावला हुता."

"मी लावला हुता."

पहिल्यांदा त्या माझ्याशी बोलल्या. दुसऱ्यांदा त्या माझ्याशी बोलत नव्हत्या. मग फोन बंद झाला, त्यांनी ठेवला की मधेच तुटला ते मला कळलं नाही, आणि परत लावून विचारायचं धाडस अजून झालेलं नाही.