पाटाचं पाणी आणि बॅटरीचा विसावा

मोबाईलवर चालणारं पहिलं सॉफ्टवेअर लिहिलं तेव्हा मी सावेडीतल्या फ्लॅटमध्ये बसून जिल्ह्याचं पाणी वाटायला निघालो होतो. तेव्हाचे मोबाईल बटणांचे, पडदा काडेपेटीएवढा, आणि प्रोग्रॅम जरा जड झाला की फोन सरळ हात वर करायचा. मराठी अक्षरं त्यात नव्हतीच. मी एकेक अक्षर ठिपके मांडून काढलं. एकट्या 'ळ'नं दोन दिवस खाल्ले. तरी जागा पुरेना, म्हणून कोपऱ्यात दिसणारं फोनचं घड्याळ मी झाकून टाकलं. तेव्हा मला हे फार हुशारीचं वाटलं होतं.

गिऱ्हाईक घरचंच, पुणतांब्याचा मामा. त्याचा दीड एकर गहू पाटाच्या पाण्यावर. पाट सुटला की प्रत्येकाला नंबरानं ठरलेले तास मिळतात; आपण हजर नसलो तर पाणी पुढच्याच्या रानात. त्या हंगामाचं ते शेवटचं पाणी होतं आणि ओंब्यांत दाणा भरत होता. हे हुकलं तर हाती फोलपट. आधीच्यांच्या तासांची बेरीज करून मामा आपली वेळ खडूनं भिंतीवर लिहायचा. मी ती बेरीज मोबाईलला शिकवली आणि मामाला म्हणालो, "आता भिंत पुसा."

त्यानं पुसली.

दहा दिवसांनी कौतुक बघायला मी स्वतः गेलो. मोबाईल फक्त उरलेले तास दाखवायचा; त्या हिशेबानं पाणी उद्या सकाळी नऊला. आम्ही निवांत जेवलो. पावणेदोनला पाटकरी, म्हणजे पाणी वाटणारा माणूस, सायकलवरून आला.

"पाऊन तास झाला तुमचं पानी येऊन. दार उघडायला कोनी न्हाई. सोडू का पुढं?"

"आमचं उद्या हाय," मामा म्हणाला. "मोबाईलमधी हाय."

"मग मोबाईललाच पाठवा फावडं घिऊन."

मामा फावडं उचलून पळाला. मी मात्र पाटकऱ्याला खोटं पाडायला मोबाईल शोधू लागलो. तो सापडला लिंबाच्या सावलीत, विटेवर. शेजारी बॅटरी काढून ठेवलेली.

मी धावत रान गाठलं. "मामा, बॅटरी का काढली?"

"रोजच काढतो दुपारची. दोन तास. तापती लई. तिला बी इसावा नको का?"

रोजचे दोन तास, असे दहा दिवस. बॅटरी निघाली की त्या फोनचं घड्याळ जागीच थांबायचं, आणि बसवली की तिथूनच पुढं चालायचं. वीस तास माझा प्रोग्रॅम मामासोबत झोपला होता. आणि जे घड्याळ बघून हे कुणालाही कळलं असतं, ते मी झाकलेलं.

गेलेला तासभर काही परत येणार नव्हता. शेवटचे वाफे कोरडे राहणार हे मामानं फावड्यानं दाखवलं. पुढचा नंबर शेजारच्या काकूंचा. मी बूट हातात घेऊन त्यांच्यापुढं उभा राहिलो आणि सगळं खरं सांगितलं.

"म्हंजी ते मशीन तू केलं?"

"हो, काकू."

"माज्या मोबाईलमधी घालू नको." थोडा विचार करून त्या म्हणाल्या, "घ्या एक तास. पन मग माजं दारं तू धरायचं."

दारं धरणं म्हणजे फावड्यानं एकेक वाफ्याचं तोंड उघडायचं, भरला की बंद करायचं. मामाच्या शेवटच्या वाफ्यात पाणी टेकलं, तसा मी काकूंच्या रानात उतरलो. पोटरीभर चिखलात डोकं मात्र झकास चाललं. फोनच्या घड्याळावर विसंबायचंच नाही. पाटकऱ्यानं दार उघडलं की त्याच्या फोनवरून पुढच्या दोघांना मेसेज जावा, आणि तास तिथून मोजावेत. पुढच्या हंगामात मी तसंच केलं, आणि ते जे चाललं ते बटणांचे फोन मोडीत निघेपर्यंत चाललं. काकूंनी सगळ्यांत शेवटी घेतलं, पण घेतलं.

त्या दिवशी मात्र त्या बांधावर बसून माझं काम बघत होत्या. दहा-बारा वाफे झाल्यावर मामाला म्हणाल्या, "भाचा बरा हाय तुमचा. शिकला नसता तर कामाचा झाला असता."

मामा म्हणाला, "आजूनबी उशीर झाला न्हाई," आणि स्वतःचं फावडं धुऊन घराकडं निघाला.