बत्तीघरातला दुसरा सेंटर हाफ

आमच्या खाणीत फुटबॉलपटू म्हणून कोणाला नोकरी मिळत नसे. संघात माणूस हवा असला की आधी कुठल्या तरी खात्यात रिकामी जागा शोधावी लागे. आमचा गोली कागदोपत्री इंजिनखलाशी होता. दोघे फॉरवर्ड भांडारात होते. मी टाइम ऑफिसात हजेरी मांडत असे आणि डाव्या बॅकच्या जागी खेळत असे. पन्नासच्या दशकातल्या त्या वर्षी जागा रिकामी होती ती फक्त बत्तीघरात; तिथला मदतनीस सोडून गेला होता. घोटाळा तिथूनच सुरू झाला.

बत्तीघर म्हणजे खाणीच्या तोंडाशी असलेली कौलारू खोली. खाली उतरणारा प्रत्येक जण तिथे आपला पितळी बिल्ला देई आणि तेल भरून कुलूप लावलेली बत्ती घेई. वर आला की बत्ती परत, बिल्ला परत. खाली कोण राहिलं आहे, ते खुंट्यांवरच्या बिल्ल्यांवरून कळे. त्यामुळे खाली एक जरी माणूस असला तरी बत्तीघर उघडं पाहिजे आणि तिथे काम शिकलेला माणूस हजर पाहिजे, असा नियम होता. रविवारी कोळसा निघत नसे, पण पाणी उपसणारे पंपवाले उतरत. म्हणजे बत्तीघराला रविवार नव्हता. फुटबॉलचे सामने मात्र रविवारीच असत.

या खोलीचे मुख्य होते आमचे सेंटर हाफ. त्यांना सगळे भाऊ म्हणत. तेव्हाच्या फुटबॉलमध्ये सेंटर हाफ मैदानाच्या मधोमध उभा राही आणि खेळ चालवी. मागून आलेला चेंडू त्याच्याकडे जायचा आणि पुढे कुठे धाडायचा ते तो ठरवायचा. खाणीमागची दगडमाती सपाट करून आमचं मैदान तयार झालं तेव्हापासून मधली जागा भाऊंची होती. ते अनवाणी खेळत, घोट्याला पट्टी बांधत आणि खेळताना अखंड बोलत. "डावा, झोपला का बे?" हे मला असे. मैदानाबाहेर मात्र ते मला "बाबू, तुम्ही" म्हणत, कारण मी ऑफिसातला होतो. दोन्हींत त्यांना काही विसंगत वाटत नसे. मलाही वाटत नसे.

भाऊंचं वय कोणाला ठाऊक नव्हतं. ऑफिसच्या कागदात ते बरीच वर्षं पस्तिशीचे होते. गुडघा मात्र कागद वाचत नाही. आदल्या पावसाळ्यात वर्धा नदीपलीकडच्या खाणीने अंतिम सामन्यात आम्हाला हरवलं, तेव्हा उत्तरार्धात भाऊ मैदानाच्या मधोमध उभे होते आणि खेळ त्यांच्या दोन्ही बाजूंनी वाहत गेला होता. ते तेवढ्याच जोरात बोलत होते. फक्त त्यांनी सांगितलेल्या जागी पोचायला ते स्वतःच कमी पडत होते.

संघाचे सेक्रेटरी आमचे हेडक्लार्क होते. त्यांना बडेबाबू म्हणत. नव्या हंगामाआधी त्यांनी व्हरांड्यात काही जणांना बोलावलं.

"भाऊले काढाचं नाई," ते सुरुवातीलाच म्हणाले. "ते बोलनंच नाई. पन मागं कोनीतरी पायजे."

"मागं म्हंजे कुठी?" गोलीने विचारलं. "मागं तर मी हाव."

"चूप बस."

प्रश्न तसा बरोबर होता. त्या काळी सामना सुरू झाला की खेळाडू बदलता येत नसे. उतरला तो शेवटपर्यंत खेळणार. त्यामुळे मागे माणूस ठेवणं म्हणजे सामन्याच्या सकाळी दोघांपैकी एकाला घरी बसवणं. कोणाला, हे व्हरांड्यात कोणी बोललं नाही.

माणूस शोधायला बडेबाबू आणि मी आलापल्लीला गेलो. तिथल्या लाकडाच्या डेपोतली पोरं संध्याकाळी ओंडक्यांच्या थप्प्यांमधल्या मोकळ्या जागेत खेळत. जागा अरुंद होती, त्यामुळे चेंडू उंच मारून चालत नसे. पायापासून पायापर्यंत न्यावा लागे. त्यांच्यात सिरोंच्याकडचा एक विशीतला तरुण होता. घरची बोली तेलुगू. तो पळताना दिसायचा नाही, पण चेंडू जिथे यायचा तिथे आधीच असायचा. खेळ संपल्यावर बडेबाबूंनी त्याला बाजूला घेतलं आणि नोकरी, खोली, दोन वेळची खानावळ असं सगळं सांगितलं.

त्याने ऐकून घेतलं. मग विचारलं, "मी खेळू कुठी?"

"मधात."

"मधात आता कोन हाय?"

"हाय एक जन."

"चांगला हाय?"

"लय चांगला हाय," बडेबाबू म्हणाले. त्यांना खोटं बोलता येत नसे.

"मंग मले काऊन नेता?"

बडेबाबूंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "त्यांचा गुडघा दुखतो."

हे त्याला पटलं. पुढच्या आठवड्यात तो पत्र्याची पेटी घेऊन बसमधून उतरला, आणि बत्तीघरात त्याची भरती झाली. जागा तिथेच होती. मॅनेजरसाहेबांची सही झाली, बडेबाबूंनी चहा पाजला. दोन सेंटर हाफ एकाच खोलीत, आणि दिवसपाळीला त्या खोलीत काम करणारे तेवढे दोघेच, हे आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आलं नाही. भाऊंच्या मात्र पहिल्याच सकाळी आलं.

तो कशाला आला आहे, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी त्याचे पाय पाहिले आणि विचारलं, "खेळते का रे?"

"खेळतो, अन्ना." तेलुगूत थोरल्या भावाला अन्ना म्हणतात.

"कुठी?"

"मधात."

"बरं. हे काचा घे. पुस."

भाऊंनी त्याला काम नीट शिकवलं. वात कापणं, तेल भरणं, जाळी तपासणं, कुलूप लावणं. घाईही केली नाही आणि टाळाटाळही नाही. तो तयार झाला त्या दिवशी त्यांनी बडेबाबूंना तसं कळवलं. बडेबाबू खूश झाले. मग बत्तीघराची पाळी लागली. रविवारच्या दिवसपाळीला नवा माणूस होता. त्या रविवारीही, पुढच्याही, त्याच्या पुढच्याही.

बडेबाबू बत्तीघरात गेले तेव्हा हजेरीच्या कामाने मी तिथेच होतो.

"भाऊ, एखाद्या रविवारी त्यालेबी सोडा ना."

"सोडतो ना. मंग इथी मी बसतो. सामन्यात मधात कोन राहीन?"

"तो राहीन."

"असं म्हना ना मंग सरळ," भाऊ म्हणाले. "म्हना. मी आयकून राह्यलो."

 बडेबाबूंनी टोपी सारखी केली. "दोघंही आले असते तर..."

"खाली पंपवाले हायत. बत्तीघर उघडं टाकून येऊ का? साहेबाले विचारून घ्या."

साहेबांना विचारण्यात अर्थ नव्हता. साहेबांना फुटबॉल आवडे, पण बत्तीघरापुढे नाही. म्हणजे आम्ही डेपोतून माणूस आणला, त्याला नोकरी दिली, खोली दिली, आणि सामन्याच्या वेळेत त्याला कुलपात ठेवलं. किल्ली ज्याच्या जागेसाठी त्याला आणला होता त्याच्या खिशात. गोली म्हणे, "आपन मागं पायजे म्हनत होतो ना? घ्या, खानीच्या तोंडाशी हाय. याहून मागं कुठी ठेवाचं?"

नव्याची तक्रार नव्हती. रविवारी पंपवाले उतरून गेले की तो बत्तीघराच्या भिंतीवर चेंडू मारत बसे. आमच्या मैदानावरून तो ठोका ऐकू येई. भाऊंनाही येत असावा, कारण त्या वेळी त्यांचं बोलणं वाढे.

हंगाम पुढे सरकला. आम्ही जिंकत होतो, पण ओढूनताणून, आणि भाऊ सोमवारी लंगडत. आठवड्याच्या मधल्या संध्याकाळी सराव असे. सरावाला नवा येई, कारण तेव्हा बत्तीघरात रातपाळीचा माणूस आलेला असे. त्याला भाऊंच्या विरुद्ध बाजूला मधे उभं करण्यात येई. आणि दर वेळी तेच दिसे. चेंडू नव्याकडे जाई, भाऊ त्याच्याकडे निघत आणि पोचेपर्यंत चेंडू तिसऱ्याच्या पायात असे. कोणी हसत नसे. हसलं असतं तर बरं झालं असतं.

एका बुधवारी आमच्या बाजूने एक जण कमी आला. बडेबाबूंनी नव्याला भाऊंच्या बाजूने खेळायला सांगितलं. माझा घोटा सुजला होता म्हणून मी रेषेबाहेर बसलो होतो. माझी डाव्या बॅकची जागा मोकळी होती. गुडघा दुखत होता म्हणून की आणखी कशाने, भाऊ स्वतःच मागे सरकून तिथे उभे राहिले. मधे नवा.

मागे उभं राहिल्यावर भाऊंना सगळं मैदान समोर दिसायला लागलं. त्यांनी सवयीने तोंड उघडलं.

"उजवीकडं पाय! मोकळा हाय तो. आता नको. आता दे!"

नव्याने दिला. चेंडू जिथे जायला हवा तिथे, आणि तेव्हाच. भाऊ पुढचं वाक्य बोलायचे थांबले. मग पुन्हा ओरडले, पुन्हा तसंच झालं. अंधार पडायला आला तरी भाऊ थांबायला तयार नव्हते. नव्याने शेवटी हात जोडले. "अन्ना, पाय तुमचे नाईत. माहे हायत."

"चूप. अजून एक."

त्यानंतर दोन दिवसांनी भाऊ टाइम ऑफिसच्या खिडकीशी आले. आत कधी येत नसत. हाताला तेलाचा वास होता.

"बाबू, घोटा कसा हाय?"

"उतरला आता."

"तुम्हाले बत्तीची वात कापता येते का?"

मी नाही म्हटलं.

"संध्याकाळी या. सोपं हाय. तुम्ही लिहिनारे लोक, हात थरथरत नाई."

मला हे आवडलं. कोणालाही आवडलं असतं. संध्याकाळी गेलो, दुसऱ्या दिवशीही गेलो. भाऊ समोर बसवून शिकवत आणि बारीकसारीक विचारत. बाजूला नवा काचा पुसत बसे आणि माझ्याकडे पाहून गोड हसे. मी बोटं काळी करून घरी येई आणि वाटे की खाणीचं खरं काम आता कुठे कळायला लागलं. आठवडाभरात भाऊंनी साहेबांकडून लेखी परवानगी आणवली. बाबूला बत्तीघराचं काम येतं, अडीअडचणीला बसवायला हरकत नाही.

"काऊन शिकून राह्यला बे तू?" गोलीने खानावळीत विचारलं.

"भाऊ शिकवतात म्हणून."

"रविवारी फायनल हाय. बत्तीघरात कोन बसनार?"

"नवा. नेहमीसारखा."

गोलीने घास खाली ठेवला. "नवा खेळून राह्यला."

"मग भाऊ बसतील."

"भाऊबी खेळून राह्यले."

मी विचार करत राहिलो. गोलीला माझी दया आली असावी. त्याने ताटातलं वांगं माझ्या ताटात टाकलं आणि म्हणाला, "डाव्या बॅकले."

भाऊंच्या जागेची काळजी सगळ्या खाणीने केली होती. माझ्या जागेची मीदेखील केली नव्हती. बडेबाबू दुसऱ्या दिवशी समजूत घालायला आले. "संघासाठी हाय," ते म्हणाले, आणि "तू तरुन हायस," असंही म्हणाले. राग यायला हवा होता. पण मी भाऊंना बुधवारी मागे उभं राहून खेळताना पाहिलं होतं, आणि तसा डावा बॅक मी कधीच नव्हतो. शिवाय परवानगीच्या कागदावर मीच आनंदाने सही केली होती.

रविवारी दुपारी मी पंपवाल्यांना बत्त्या दिल्या, बिल्ले खुंट्यांवर अडकवले आणि दाराशी स्टुलावर बसलो. मधे कोळशाचा ढीग असल्यामुळे मैदान दिसत नव्हतं. ऐकू मात्र सगळं येत होतं. शिट्टी, गर्दीचा आरडाओरडा आणि त्याच्यावर चढून भाऊंचा आवाज. "डावीकडं! डावीकडं रे बाप्पा! आता!" नव्याचा आवाज एकदाही आला नाही. एकदा गर्दी जोरात ओरडली, पण कोणासाठी ते कळेना, कारण नदीपलीकडचेही ट्रक भरून आले होते. थोड्या वेळाने तसाच दुसरा ओरडा उठला. एक पंपवाला वर आला आणि त्याने मलाच विचारलं, "कोन पुढं हाय?" मी म्हटलं, मैदानावर जाऊन बघा आणि मला सांगा. तो गेला आणि परत आलाच नाही.

शेवटची शिट्टी झाली. लोक पांगल्याचा आवाज आला, त्यात ना ढोल होता ना शिव्या. मग ढिगाच्या कडेने दोघे आले. भाऊंच्या नडगीला चिखल होता आणि त्यांनी नव्याच्या खांद्यावर हात टाकला होता. तो प्रेमाने टाकला होता की गुडघ्यासाठी, ते दुरून सांगता येत नव्हतं.

"काय झालं?" मी विचारलं.

"कान फुटले," नवा म्हणाला. "सारा वेळ माह्या कानातच होते."

"आयकत होता म्हनून दुखते," भाऊ म्हणाले. ते स्टुलावर बसले, पट्टी सोडायला वाकले आणि वाकलेलेच राहिले. चेहरा दिसत नव्हता. "एक-एक. बरोबरी. तिकडचा मधला मानूस दोनदा माह्यावर आला. दोनदा काढला चेंडू. यानं पाह्यला ना, इचारा."

"काढला," नवा म्हणाला. "तिसऱ्यांदा नाई काढला."

"तिसऱ्यांदा मी तुले सांगून राह्यलो होतो कुठी जाचं ते."

दोघांचं त्यावर जुंपलं. मी पंपवाल्यांच्या बत्त्या परत घ्यायला उठलो, पण भाऊंनी मला हाताने थांबवलं आणि त्या स्वतः घेतल्या, चिखलाच्या हातांनी. शेवटचा बिल्ला दिल्यावर ते माझ्याकडे वळले. मैदानावरून येऊन तास होत आला होता, तरी ते मला बाबू म्हणाले नाहीत.

"डावा," ते म्हणाले, "पुढच्या ऐतवारी फायनल परत हाय. बसशीन ना बे इथी?"

मी बसतो म्हटलं.