रसूलभाईंचा कूलर

शेळगावच्या रसूलभाईंना राग यायला कारण लागत नाही, असं लोक म्हणतात. ते खोटं आहे. कारण लागतं, आणि ते एकच असतं: इंजिनालाही जीव आहे, हे लोकांना कळत नाही. गार गाडी चालू करून लगेच रेस करणारा, ऑइल डांबरासारखं झालं तरी "अजून चाललंय की" म्हणणारा, बसतोय म्हणून कुठलाही प्लग बसवणारा, हे त्यांच्या लेखी एकाच कलमाखालचे आरोपी. बारामतीत एका उस्तादाकडे अकरा वर्षं हात काळे करून त्यांनी शेळगावात गॅरेज टाकलं, त्याला आता एकतीस वर्षं झाली. एकही शिवी न देता गिऱ्हाइकाचा पाणउतारा कसा करायचा, हे त्यांच्याकडून शिकावं. फक्त एक खोड आहे. ते सांगायला लागले की ऐकायचं थांबतात.

वरकुट्याच्या आप्पासाहेबांची बुलेट जुनी, लोखंडी सिलिंडरची, नुसत्या वाऱ्यावर गार होणारी. त्यांची लेक पणदऱ्याला दिलेली. दर शनिवारी आप्पा बारामतीवरून तिच्याकडे जात, आणि गळीत हंगामात हा सगळा रस्ता उसाच्या ट्रॅक्टरमागून काढावा लागे. मागं दोन ट्रॉल्या, दोन्ही अंगांनी रस्ताभर लोंबणारा ऊस, आणि वर कर्ण्यावर गाणी. गाडी रांगे, वारा लागत नसे, इंजिन तापे. पणदरं येईतो आप्पांच्या पोटऱ्या भाजून निघत.

"कूलर बसवू," रसूलभाई म्हणाले.

"गाडीला? पाणी कुठं भरायचं?"

"आप्पा, पाण्याचा घरात बसवा. ह्यो ऑइलचा. तापलेलं ऑइल नळीतनं भाईर काढायचं, जाळीतनं फिरवायचं, वारा लागून निवलं की परत आत सोडायचं. रानातनं आलेला माणूस घटकाभर लिंबाखाली बसतो का न्हाय? तसं."

बारामतीच्या भंगार बाजारात एका ठोकलेल्या नव्या गाडीचा कूलर सापडला. जाळी शाबूत होती. लेथवाल्याकडून जोड आणि पट्ट्या करून घेतल्या. चेसीच्या पुढच्या नळीवर, समोरचा वारा थेट लागेल असा कूलर बसवला. मागं चार बोटं जागा सोडली, म्हणजे सिलिंडरलाही त्याचा वारा मिळावा. हँडल दोन्हीकडं पूर्ण वळवून नळ्या कुठं घासत नाहीत ना, ते पाहिलं. जाळी आणि नळ्या पितात तेवढं ऑइल वाढवून घातलं. मग गाडी तापवली आणि आप्पांचा हात धरून दोन्ही नळ्यांवर ठेवला. जाणारीनं चटका दिला, येणारी नुसती कोमट होती.

"आयला!" आप्पा म्हणाले. ती पावती होती.

त्यानंतर रसूलभाईंनी तासभर उपदेश केला. ऑइल दर आठवड्याला बघा, जाळीवर जोराचं पाणी मारू नका, चिखल बसला तर ब्रशानं काढा. सगळं सांगितलं. नाकावर उशी दाबून पळू नका, हे मात्र सांगितलं नाही. ते कोण कुणाला सांगतं?

मार्चच्या तिसऱ्या शनिवारी, बारामती सोडून थोडं पुढं गेल्यावर, बुलेट धावता धावता जाम झाली. आप्पा वाचले, त्यांची टोपी उसाच्या ट्रॉलीखाली गेली. रविवारी सकाळी गाडी टेम्पोतून गॅरेजपुढं उतरली आणि समोरच्या गोकुळच्या हॉटेलात बसलेले सगळे चहा हातात घेऊन बाहेर आले.

"रसूलभाई," आप्पा रस्त्यातनंच म्हणाले, "तुमच्या कूलरनं माझी गाडी खाल्ली."

"तीस वरसं बिनकूलरची पळली," गोकुळ म्हणाला. "शहाणपणा बसवला आन मेली."

"तू च्यात पानी घाल, गोकुळ. त्यातच तुजं कौशल्य हाय." रसूलभाईंचा आवाज चढला. "ऐका आप्पा. माझ्या कामात चूक निघाली, तर पुन्यांदा बुलेटला पाना लावनार न्हाय. आन तुमची निघाली, तर हितंच, ह्या लोकांपुढं, तुमी सांगायचं."

"सांगतो की! भितो व्हय?"

आप्पांचा कूलर बघून ज्या दोघांनी नंबर लावले होते, त्यांनी ते संध्याकाळपर्यंत काढून घेतले.

रसूलभाईंनी इंजिन उघडलं. पिस्टन ओरखडून सिलिंडरला धरला होता, म्हणजे उष्णता. पण नळ्या मोकळ्या, जोड कोरडे, ऑइल पुरेपूर. कूलरमध्ये तोंडानं फुंकून पाहिलं, हवा आरपार. सगळं बरोबर आणि इंजिन मेलेलं, याहून मोठा अपमान मिस्तऱ्याला नसतो. पाय मोडून आलेल्या माणसाला पाय चांगला आहे म्हणून सांगण्यासारखंच. दोन दिवस ते कुणावरही ओरडले नाहीत. गोकुळला काळजी वाटायला लागली.

तिसऱ्या दिवशी प्लगपाना शोधायला त्यांनी बुलेटची साइड पेटी उघडली. आत नीट घडी घातलेलं काहीतरी होतं. मरून रेक्झिन, पिवळा गोट, खाली सोनेरी झालर, मागून इलॅस्टिक. त्यांनी ते उलटं केलं. आतल्या बाजूला कूलरच्या जाळीचा ठसा भाजून उमटला होता. रेघ न रेघ.

मग त्यांना राग आला, आणि तो एकट्या आप्पांपुरता राहिला नाही. अख्ख्या दोन तालुक्यांवर आला. इथं फ्रिजच्या कडीला टॉवेल गुंडाळतात. रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत ठेवून तिच्यावरून बटणं दाबतात. नव्या गाडीच्या सीटचा कागद गाडी विकेपर्यंत काढत नाहीत. वस्तू वापरायला घेतात की तिच्यावर पांघरूण घालायला? ज्याला वाऱ्यात उभं करायचं, त्यालाच झालर लावून घुंगट दिला! आणि त्या घुंगटानं सिलिंडरचा वाराही अडवला.

ते कव्हर आप्पांच्या तोंडावर मारायचं म्हणून त्यांनी मुठीत धरलं, आणि त्यांची नजर पिवळ्या गोटावर गेली. दुहेरी टीप, कोपऱ्यात छोटी चुणी. गावातल्या निम्म्या सीट कव्हरांवर तशी चुणी होती. ती त्यांची बायको खतिजा घालत असे.

गॅरेजमागंच घर. खतिजा मशीनवर होती.

"हे तू शिवलंस?"

"व्हय. लीलाबाई माप घेऊन आलत्या, आप्पांच्या घरच्या. का, उसवलं?"

"अगं, हे कूलरवर घालायचं असतं व्हय?"

खतिजानं मशीन थांबवलं. "माझ्यावर वरडायचं न्हाय. जेवताना तुमाला इचारलं व्हतं, अवो, तापनाऱ्या जाळीवर रेक्झिन चालंल का. तुमी कुनाच्या तरी कारबोरेटरचं सांगत व्हता. हात हालवून म्हनला, चालतंय, चालतंय."

रसूलभाईंना कारबोरेटर आठवत होता. प्रश्न आठवत नव्हता.

दुपारी आप्पा आले. रसूलभाईंनी गोकुळच्या टेबलावर कव्हर पसरलं आणि ठसा दाखवला.

"व्हय, आमचंच हाय," आप्पा म्हणाले. "नवी वस्तू उसाच्या धुराळ्यात उघडी ठेवायची? तुमच्याकडं येताना काढतो की. तुमच्या हाताचा डाग पडंल."

"आप्पा, ह्यानंच मारलं. वारा कुठनं लागंल?"

आप्पांनी ठशावरून बोट फिरवलं. मग लोकांकडं वळून म्हणाले, "चूक आमची हाय. रसूलभाईंची न्हाय."

इथं गप्प बसलं असतं तरी चाललं असतं. पण गोकुळनं झालर उचलून बघितली. "शिवलंय मात्र झ्याक. कुनी शिवलं?"

"माझ्या घरात शिवलं," रसूलभाई म्हणाले. "आन शिवायच्या आदी मला इचारलं व्हतं. मीच चालतंय म्हनलो. न ऐकताच."

गोकुळ म्हणाला, "मग आता पाना ठिवायचा का?"

"तू गप," आप्पा म्हणाले. "ह्यांनी पाना ठिवला, तर माझा पिस्टन काय तू बसवनार, चमच्यानं? रसूलभाई, चला. गाडी उघडी पडलीय."

पुढच्या शनिवारी बुलेट पणदऱ्याला उघड्या जाळीनं गेली आणि परत आली. कूलरवर धूळ होती. रसूलभाईंनी ती पाहिली आणि काही बोलले नाहीत, हे गोकुळनं लगेच सगळ्यांना सांगितलं.

कव्हर वाया गेलं नाही. ते लीलाबाईंच्या मिक्सरला बरोबर बसलं. परवा आप्पा गॅरेजात येऊन सांगत होते, घाई असली की लीलाबाई ते न काढताच चटणी वाटतात, आणि मिक्सर हल्ली जळका वास मारतो, त्याला काय करावं. रसूलभाईंनी मध्ये एक शब्दही न बोलता शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग हातातला पाना खाली ठेवला, घसा खाकरला आणि उठून उभे राहिले.