न तडकणारे ट्रे

पाटोद्याला माझी रोपवाटिका आहे. तिथे शिरूर कासारची एक पोरगी स्कूटीवरून यायची आणि बोलता बोलता हाताला लागेल ते वाकवून बघायची. माझं पेन, चहाचा कप, एकदा तर माझ्या चष्म्याची काडी! रसायनशास्त्र शिकून परतलेली ही पोरगी मक्यापासूनच्या, मातीत कुजणाऱ्या प्लास्टिकचे रोपांसाठी ट्रे बनवायची.

पहिले ट्रे उन्हात तडकले. तिला वाईट वाटेल म्हणून मी ते गोणपाटाखाली झाकून ठेवले. तिने गोणपाट उचललंच.

"मावशी, काहून बोलला न्हाईत? तुमी गप बसल्यावर मला कसं कळावं?"

रागातच तिने सगळे तुकडे पोत्यात भरून नेले. पुढे कित्येक महिने तिच्या हातांना एरंडेलाचा वास असायचा, ओढणीला अंबाडीचे धागे. "तेलानं प्लास्टिक लवतं, धाग्यानं ताकद येती," एवढंच सांगायची.

मग एक दिवस तिने नवा ट्रे ओल्या मातीने भरला आणि ओट्यावरून थेट फरशीवर सोडला. माती सांडली, ट्रे वाकला आणि पुन्हा सरळ झाला. आम्ही दोघी वेड्यासारख्या हसलो.

यंदा रोपं न्यायला आलेल्या व्यापाऱ्याला ते ट्रे फार आवडले. तीही तेव्हा तिथेच होती.

"मोठी ऑर्डर देतो. फक्त ट्रेच्या खाली पुण्याचं नाव टाका. गिऱ्हाईक विश्वास ठेवतं."

ती शांतपणे म्हणाली, "शिरूर कासारला बनतेत, मीच बनविते. गावाचं नाव साच्यातच कोरलंय. ते निघणार न्हाई."

व्यापाऱ्याने ट्रे उलटा करून नाव वाचलं. ऑर्डर त्याने तरीही दिली.