मैत्रिणीचं इंग्रजी आडनाव

सिंगापुरात क्लेमेंटीतला फ्लॅट आम्हाला मैत्रिणीच्या आडनावामुळे मिळाला, आणि त्या आडनावापायीच तो हातचा जायची वेळ आली होती. एजंटबाईंशी फोनवर तीच बोलली होती. आडनाव अस्सल इंग्रजी, त्यातून विरळा. मधलं एक अक्षर लिहायचं, पण उच्चारायचं नाही. बाईंनी ते दोनदा विचारून टिपून घेतलं आणि लगेच फ्लॅट दाखवायला बोलावलं. दारात आम्ही दोघी सावळ्या मराठी मुली दिसल्यावर त्यांचा चेहरा उतरला. तिचा पासपोर्ट त्यांनी उलटसुलट करून पाहिला. "हे नाव खरंच तुझं?" असं विचारलंसुद्धा, मगच घर दिलं.

मला राग आला, पण मनातून मीही त्यातलीच होते. ती मूळची जालन्याची. घरी ख्रिस्ती, पण बोलणं, स्वयंपाक, रुसवेफुगवे सगळं आपल्यासारखं. मग हे आडनाव आलं कुठून? एखादं मोडलेलं लग्न ती लपवत असेल, असं मला वाटायचं. दोन वर्षं एका घरात राहूनही मी विचारलं मात्र नाही.

दोन हजार पाचच्या आसपास तिच्या नावाने एक पत्र आलं. हाताने लिहिलेलं, सिंगापूरचंच तिकीट लावलेलं. लिहिणारा इंग्रज होता, जहाजांची तपासणी करणारा निवृत्त इंजिनिअर. टेलिफोन डिरेक्टरीत त्याला तिचं नाव सापडलं होतं. तिचं आणि त्याचं आडनाव एकच. 'जगात आपण फार थोडे आहोत, भेटाल का?' असं त्याने लिहिलं होतं.

"आता एक म्हातारा माझ्या मागे लागणार," ती म्हणाली.

"आपला पत्ता आहे ना त्याच्याकडे. आपण गेलो नाही तर तो इथे येईल," मी म्हणाले. "भर दुपारी, माणसांत भेटू."

त्या शनिवारी हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाड्यांच्या गजबजलेल्या मंडपात, ती एका टेबलावर बसली आणि मी मागच्या टेबलावर, अनोळखी असल्यासारखी. तो आला, उंच, वाकलेला, हातात जाडजूड फाइल. तिला पाहून तो क्षणभर थबकला. एजंटबाई थबकल्या होत्या, अगदी तसाच. मग हसून त्याने आमच्यासाठी कोपी, म्हणजे इथली कॉफी, सांगितली. आमच्यासाठी म्हणजे माझ्यासाठीही. "तुमच्या मैत्रिणीला इकडेच बोलवा, एवढ्या लांबून तिला नीट ऐकू येणार नाही," तो म्हणाला. मी चेहरा पाडून उठले.

फाइलमध्ये इंग्लंडचा नकाशा होता, त्यावर या आडनावाच्या घरांचे तांबडे ठिपके. बहुतेक सगळे उत्तरेकडच्या एका खोऱ्यात दाटलेले. तिथे ओढ्याकाठी एक वाडी होती, ती केव्हाच उठली, पण तिथली माणसं जिथे गेली तिथे तिचं नाव घेऊन गेली. पुढे काहीजण बंदरांकडे सरकले, काही जहाजांवर चढले. ऑस्ट्रेलियात दोन घरं, कॅनडात एक. मला नवल वाटलं. माझंही आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी 'कर' लावलेलं. हे मी बोलून दाखवलं तर तो खूश झाला, पण त्याची नजर तिच्यावरच होती.

"तुम्ही मात्र माझ्या यादीत कुठेच बसत नाही," तो म्हणाला. "तुमच्या आजोबांचे वडील कोण?"

"माहीत नाही."

"जन्म कुठे झाला त्यांचा?"

"का विचारताय?" तिचा आवाज चढला. "मी नाव चोरलंय असं वाटतं तुम्हाला?"

त्यावर त्याने खिशातून प्लास्टिकची एक नळी काढली, आत कापसाची काडी. तिला भाऊ असेल तर त्याने ती गालाच्या आतून फिरवून पाठवावी, अशी त्याची विनंती होती. मी बुओना व्हिस्टाच्या जनुकांच्या प्रयोगशाळेत कामाला होते, त्यामुळे ते काय ते मला कळलं. बापाकडून मुलाकडे आडनावासारखाच जाणारा एक अंश असतो, तो जुळतो का हे त्याला पाहायचं होतं. मी तिला मराठीत समजावून सांगितलं. तिने नळी परत त्याच्यापुढे सरकवली आणि उठली.

घरी येताना ती म्हणाली, "म्हणजे आमच्या आजीपणजीपैकी कुणीतरी साहेबाबरोबर... हेच तपासायचंय त्याला. जालन्यात लोक पाठीमागे हेच बोलायचे."

 क्षणभर माझ्याही मनात तेच येऊन गेलं होतं.

त्या संध्याकाळी तिने फोन लावला. "पप्पा, आपलं आडनाव कुणाचं?"  मग वडील सांगू लागले. तिने फोन आमच्या दोघींच्या मधे धरला. आजोबा दुष्काळात पोरके झालेले. मिशनच्या शाळेत एक अविवाहित बाई शिकवायच्या, त्यांनी आजोबांना वाढवलं. परीक्षेच्या अर्जावर आडनावाची जागा रिकामी होती, तिथे बाईंनी स्वतःचं लिहिलं.

"हे इतकी वर्षं सांगितलं का नाही?"

"लोक विश्वास ठेवत नाहीत, बाळा. बाईंच्याच चारित्र्यावर बोट ठेवतात. त्यापेक्षा गप्प राहिलेलं बरं."

पुढच्या आठवड्यात ती स्वतःच त्या इंग्रजाला भेटायला निघाली, मला बरोबर घेऊन. सगळं ऐकल्यावर त्याने फाइलची पानं भराभर उलटली. एका शाखेत ती बाई होती. पुढे लिहिलेलं, 'भारतात गेली. मूलबाळ नाही.'

"रक्ताचं नातं नाही," तो हळूच म्हणाला. "आमच्या आडनावाच्या मंडळाचा नियम आहे..."

"मग काढून टाका माझं नाव. पण हे खोटं आहे, तेही काढा," ती म्हणाली आणि 'मूलबाळ नाही' या ओळीवर बोट ठेवलं.

त्याने पेन काढलं, पण काही लिहिलं नाही. विचार करतो, म्हणाला.

ते त्याचं आम्हाला टाळणं होतं, असं मी तिला परतताना बसमध्ये सांगितलं. तीही तेच म्हणाली. पुढचे काही महिने त्याचा पत्ता नव्हता.

दिवाळीनंतर ती सुट्टीला जालन्याला जाऊन आली, ती चिडूनच. वडिलांच्या टेबलावर तिला त्या इंग्रजाची सात पत्रं सापडली होती. त्याने मिशनच्या त्या शाळेच्या पत्त्यावर लिहिलं, पत्र वडिलांपर्यंत पोचलं, त्यांनी उत्तर दिलं आणि दोघांचं सुरू झालं. वडील बाईंच्या थडग्याचा फोटो काढून पाठवून मोकळेही झाले होते. पत्रं त्यांनी तिला वाचू दिली नाहीत, फक्त एका पाकिटातलं वंशावळीचं नवं पान दाखवलं. बाईंच्या नावाखालची ती ओळ गेली होती. तिथे आजोबांचं नाव होतं, खाली वडिलांचं, भावाचं आणि तिचं.

"मला न विचारता," ती म्हणाली.

"पण वाईट वाटलं का?"

"नाही," ती म्हणाली. मग बॅग उघडता उघडता थांबली. "पण त्या दोघांनी सात सात पत्रांत एवढं लिहिलं तरी काय असेल गं?"