तळ्यातलं ताट

"तुला कोणी सांगितलं होतं हे शहाणपण?" भिंतीपलीकडून हिरामणभाऊजींचा आवाज आला आणि माझी भाकरी तव्यावरच राहिली.

"मॅडमकडे जाणारं पाणी, असं गढूळ कसं द्यायचं?" त्यांची बायको सगुणा म्हणाली. "पाहुणे बघायला आले तर पोरीचं तोंड धुऊनच बाहेर आणतो ना आपण?"

"आपल्याला तळ्याचं दुखणं दाखवायचं होतं, सगुणे. पोर नव्हती खपवायची."

पाण्यात फिरवलेली तुरटी माझ्याच डब्यातली होती.

पालेगावात आमच्या दोन घरांत एकच भिंत, आणि मागे तळं. हिरामणभाऊजींनी एकतीस वर्षं कंपनीच्या लॅबमध्ये बाटल्या धुतल्या, एकही फोडली नाही. रिटायर झाल्यावर कॉलेजच्या संध्या मॅडमना दर सोमवारी तळ्याचं पाणी तपासून बाटलीभर आणून देणारा माणूस हवा होता. भाऊजी पैसे न घेता तयार झाले. सगुणाचं एक जुनं ताट काळं-पांढरं रंगवून त्यांनी दोरीला बांधलं आणि दोरीला वीत-वीत अंतरावर गाठी मारल्या. ताट पाण्यात सोडायचं, दिसेनासं झालं की गाठी मोजायच्या. सगुणा म्हणे, एकतीस वर्षं बाटली फोडली नाहीत, माझं जेवणाचं ताट मात्र तळ्यात बुडवलंत.

मग नव्या बिल्डिंगींचं सांडपाणी तळ्यात यायला लागलं. गाठी पाचावरून दोनवर आल्या. मासे उलटे तरंगले. मॅडम म्हणाल्या, तीन महिने सलग पाणी खराब निघालं तर मी नगरपालिकेला लेखी देते. दोन महिने झाले. तिसऱ्या महिन्यात एका सोमवारी भाऊजी बाटली ओट्यावर ठेवून अंघोळीला गेले, तेवढ्यात आम्ही दोघींनी पाण्याची शोभा केली. गाळ खाली बसला, वरचं नितळ पाणी आम्ही परत बाटलीत भरून ती त्यांच्या पिशवीत ठेवली. कॉलेजात मॅडमनी विचारलं, काका, हे तर नळापेक्षा स्वच्छ, मग मागचे आकडे खरे की हे? आणि सगळेच कागद बाजूला ठेवले.

भाऊजी त्या दिवशी जेवले नाहीत. नाला तळ्यात पडतच होता, आणि त्यांचा शब्द खोटा ठरला होता.

दुसऱ्या दिवशी मी तुरटीचा खडा पदरात बांधला, सगुणाला रिक्षात घातलं आणि कॉलेज गाठलं. मॅडमसमोर खडा ठेवून सगळं कबूल केलं. मॅडमनी चष्मा काढून डोळे पुसले, इतकं हसल्या. मग आमच्याबरोबरच तळ्यावर आल्या.

भाऊजी काठावर होते. आमच्याकडे बघेनात. मॅडमनी सांगितल्यावर कोपरापर्यंत हात पाण्यात घालून बाटली भरली, बूच पाण्यातच लावलं, वर काढून उलटी धरली. आत एक बुडबुडा नाही; हवा शिरली की तपासणी चुकते.

"काका, माझ्या निम्म्या पोरांना हे जमत नाही," मॅडम म्हणाल्या. "आता तुमचे सगळे आकडे पाठवते."

दिवाळीच्या आत नगरपालिकेनं नाला वळवला. पुढच्या वर्षी ताट चार गाठींपर्यंत दिसलं, तेव्हा भाऊजींनी सगळ्या आळीला जिलेबी वाटली. मला दोन जास्त दिल्या, वर म्हणाले, तुरटीच्या.

दोन हजार नऊच्या माघात भाऊजी झोपेतच गेले. त्याच्या आधीचा सोमवार मला आठवतो. त्यांनी ताट सोडलं, मी पायरीवर वही घेऊन बसले होते. शाळा तिसरीपर्यंतच, पण आकडा मला येतो.

"सहा, वहिनी."

मी सहा लिहिले. त्यांनी बाटली भरली, उलटी धरून बघितली, तारखेची चिठ्ठी चिकटवली. घरी येऊन अंघोळीला जाताना ती सगुणाच्या हातात दिली.

"सांभाळ," म्हणाले. "आणि बनूवहिनींपासून लांब ठेव."

मग अंघोळ करून, बाटली पिशवीत घालून कॉलेजला गेले.